मेनूकार्डाच्या आड

९ नोव्हेंबर, रविवार

ताई,

पाकिटावरचं माझं अक्षर ओळखलंत तर पत्र न फोडताच कपाटावर टाकून द्याल, म्हणून पत्ता आमच्या दुकानातल्या कॅशिअरबाईंकडून लिहून घेतला. लबाडी आहे, पण इलाज नव्हता. फोन तुम्ही उचलत नाही. तुमच्या वाढदिवसाला केला होता, तोही वाजून वाजून बंद पडला.

आई गेल्यापासून तुम्ही आमच्याशी बोलणं का टाकलंत, ते मला अजून कळलेलं नाही. आज ते विचारायला लिहीत नाहीये. काम वेगळं आहे आणि ते तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे होण्यासारखं नाही.

आमच्या चष्म्याच्या दुकानात एक बाई येतात. माझ्याच वयाच्या. लोक डोळे तपासायला येतात आणि बसल्या बसल्या घरचं सगळं सांगून जातात, तशाच त्याही. त्यांच्या नवऱ्याचं गेल्या काही महिन्यांत काहीतरी बिनसलंय. बाईंनी दार लावा म्हटलं, तर ते उठून फ्रिजमधलं पाणी घेऊन आले. कात्री कुठे ठेवलीत विचारलं, तर ‘रात्री बघू’ म्हणाले, आणि रात्री त्याचं नावही काढलं नाही. चहाचं आधण शिट्टी मारून मारून आटलं, किटली जळली, आणि गृहस्थ शेजारच्याच टेबलाशी पेपर वाचत बसलेले. पत्त्यांच्या अड्ड्यावर जायचं बंद केलंय. फोन वाजला की बायकोच्या हातात देतात. चार माणसांत बसले की सगळे हसून झाल्यावर हसतात. आधी निदान ‘काय म्हणालीस?’ असं विचारायचे. आता तेही नाही. नुसती मान डोलावतात.

आईंचं सुरुवातीला काय झालं होतं? अगदी पहिलं काय दिसलं होतं तुम्हाला? त्या तेव्हापासून तुमच्याकडेच होत्या, म्हणून विचारते. आणि हे पुढच्या पिढीत उतरतं, असं काही डॉक्टर म्हणाले होते का? त्या बाईंना मुलं आहेत, म्हणून.

आमच्याकडे सगळं ठीक. हे बरे आहेत. छापखान्यात शाळेच्या पुस्तकांचं काम जोरात चालू आहे.

तुमची भावजय


२३ नोव्हेंबर, रविवार

ताई,

तुमचं उत्तर इतक्या लवकर येईल असं वाटलं नव्हतं. आणि पहिलीच ओळ, ‘ती बाई तूच ना?’ वाचून मी दुकानातच खुर्चीवर बसले. समोर गिऱ्हाईक एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचत होतं. ते बिचारं तळापर्यंत वाचून थांबलं, तरी मी ‘पुढे’ म्हणत होते.

हो. मीच. आणि नवरा म्हणजे तुमचाच भाऊ. तुम्ही त्यांना लाडाने धाकटोबा म्हणायचात ना, तेच. खोटं अशासाठी लिहिलं की एकदा खरं कागदावर उतरलं की ते खरंच झालं, असं वाटत होतं.

आईंबद्दल तुम्ही इतकं सविस्तर लिहिलंत, त्याबद्दल काय म्हणू? शब्द उलटेपालटे व्हायला लागले, मग नेहमीच्या रस्त्यावर चुकल्या, ते सगळं वाचलं. पण जन्मभर बिनसाखरेचा चहा प्यायलेल्या आईंनी एके दिवशी साखर घातलेला चहा शांतपणे संपवला आणि त्यांना काही वेगळं वाटलंच नाही, हे वाचलं आणि मला पुढचं वाचवेना. स्वतःला काय आवडत नाही हेही माणूस विसरतं का, ताई?

आणि मग तुमची शेवटची ओळ.

आईंची खोली आवरताना तुम्ही यांना विचारलंत, ‘मी आईचं सगळं नीट केलं ना रे?’ आणि हे काही न बोलता खुर्ची उचलून बाहेर निघून गेले. ‘उत्तर मिळालं, त्यानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही,’ असं तुम्ही लिहिलंय. मी ती ओळ कितीतरी वेळा वाचली. मी त्या दिवशी खाली टेम्पोपाशी होते, मला यातलं काही माहीत नाही. एवढंच सांगते की ही त्यांची रीत नाही. ते रागावले तर तोंडावर रागावतात, आणि जेवायच्या आत निवळतात. पण तुम्ही समोर होतात, मी नव्हते. त्यांना विचारायचं तर आता मलाच धीर होत नाही. ‘मला आठवत नाही’ म्हणाले तर?

मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली आहे, गुरुवार, ११ डिसेंबरची. यांना अजून सांगितलेलं नाही. घरी विषय काढायला गेलं की हे उठून बाल्कनीत जातात आणि कुंड्यांना पाणी घालत बसतात. कुंड्या पार कुजल्या माझ्या. तेव्हा मी एक युक्ती केली आहे. आमच्या मालकीणबाईंना लेन्सच्या कंपनीकडून नदीकाठच्या त्या मोठ्या हॉटेलात दोघांच्या जेवणाचं कूपन मिळालं होतं. त्यांना परगावी जायचंय, म्हणून त्यांनी ते मला दिलं. येत्या सहा तारखेला जातोय. अशा ठिकाणी वेटर तुम्हाला बसवून खुर्ची आत सरकवून देतो. तशा खुर्चीतून माणूस बोलणं अर्ध्यावर टाकून उठत नाही. तिथं सांगेन.

तुम्ही उत्तर दिलंत, याचा मला किती आधार वाटला ते मी लिहू शकत नाही.

तुमची भावजय


७ डिसेंबर, रविवार

ताई,

आधी उभ्या उभ्या एक सांगते, म्हणजे तुम्हाला धाकधूक नको. वाईट बातमी नाही. आता खाली बसा आणि सावकाश वाचा, कारण मी सगळं पहिल्यापासून सांगणार आहे. मला सांगितल्याशिवाय राहवणार नाही.

काल संध्याकाळी आम्ही निघालो. यांनी छापखान्याच्या समारंभासाठी शिवलेला कोट घातला होता. पोटाशी बटण लागेना, तर म्हणाले, उघडाच शोभतो. हॉटेलचं दार गोल फिरणारं. त्यात आम्ही दोघं एकाच कप्प्यात शिरलो आणि एकमेकांच्या पायात पाय अडकवत आत पोचलो. आत गालिचा इतका जाड, की स्वतःच्या चपलांचा आवाज येत नाही. एका कोपऱ्यात एक बाई पियानो वाजवत होत्या, आणि आमचं टेबल नेमकं त्यांच्या शेजारी. उजेड जेमतेम. टेबलावर एक बारकासा दिवा, आणि मेनूकार्ड एवढं मोठं की उघडलं तर समोरचा माणूस झाकून जातो. इतक्या अंधारात लोकांना वाचायला लावणं म्हणजे आमच्या दुकानाची फुकट जाहिरातच, असं मी म्हटलं. मला वाटलं, हे हसतील. यांनी मान डोलावली.

तिथेच माझं अवसान गळालं. हात धुवून येते म्हणून उठले आणि आरशासमोर उभी राहून वाक्य पाठ केलं. ‘गुरुवारी आपल्याला एका डॉक्टरांकडे जायचंय, तपासणीच आहे नुसती.’ चारपाच वेळा म्हटलं. शेजारी एक बाई ओठ रंगवत होत्या. त्यांनी आरशातूनच मला धीर दिल्यासारखं बघितलं.

परत आले तोवर यांनी वेटरला जेवण सांगून टाकलं होतं. काय मागवलंत, तर म्हणाले, ‘येईल ना आता.’ मी ताटलीकडे बघतच विचारलं, आज छापखान्यात काय झालं. म्हणाले, ‘हो, छान आहे.’ मी ताटलीवर ताटली रचल्यासारखी एकेक वाक्य मांडत होते, आणि त्यातलं एकही जागेवर बसत नव्हतं. आसपासची जोडपी काय आनंदाने बोलत होती म्हणून सांगू. मला वाटलं, आपल्यात जे काही उरलंय ते संपायच्या आत आपण इथं नटून थटून येऊन बसलोय.

आणि मग जेवण आलं. लांबच लांब ताट, त्यावर अख्खा मासा, डोक्याशेपटीसकट. वेटरने तो यांच्यासमोर ठेवला.

ताई, यांच्या घशात लहानपणी काटा अडकला होता, तो तुम्हीच बोटं घालून काढला होतात. त्यानंतर यांनी मासा तोंडात घातलेला मी तरी पाहिलेला नाही. माझ्या डोळ्यांपुढे आईंचा तो साखरेचा चहा उभा राहिला.

मी म्हटलं, ‘तुम्ही मासे खात नाही.’

हे माशाकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. त्यांचा चेहरा असा झाला, की जणू कुणीतरी त्यांच्या खिशातून चोरीचा माल काढून समोर ठेवलाय. हळूच म्हणाले, ‘मी मागवला असणार. मला आठवत नाही.’

पाठ केलेलं वाक्य कुठे गेलं कोण जाणे. यांनी हातातला काटाचमचा खाली ठेवला आणि तेच बोलायला लागले. टेबलावरच्या कापडाकडे बघत, एका दमात.

‘तुला सांगायचं होतं. बरेच दिवस सांगायचं होतं, धीर झाला नाही. मला आईसारखं होतंय. लोक बोलतात ते मला कळत नाही. आवाज येतो, भाषा आपलीच असते, पण अर्थ लागत नाही. छापखान्यात निभावतं, तिथं सगळे खुणांनीच बोलतात. बाहेर नाही निभावत. म्हणून मी कुणाकडे जात नाही.’

तर अशी आमची तऱ्हा, ताई. मी त्यांच्यापासून लपवत होते ते त्यांना माझ्या आधीच माहीत होतं, आणि तेही माझ्यापासून तेच लपवत होते. एका छपराखाली, एकाच भीतीवर दोघं वेगवेगळी पांघरुणं घालून बसलो होतो.

तेवढ्यात वेटर आला. मासा तसाच पडलेला बघून तो ओशाळला, आणि दुसरं काही आणू का म्हणून मेनूकार्ड माझ्या हातात देऊन गेला. मी ते उघडून तोंडासमोर धरलं, कारण मला रडू यायला लागलं होतं आणि त्या थाटामाटात रडायची मला लाज वाटत होती. आणि त्या कार्डाच्या आडून मी बोलले. गेले कित्येक महिने जे घशात अडकलं होतं तेच. ‘बाकी सगळं विसरा,’ म्हटलं, ‘मला तेवढं विसरू नका.’

उत्तर नाही.

मी वाट बघितली. पियानो चालू होता. कार्डाच्या पलीकडून यांचा आवाज आला. ‘गोड काही असेल तर बघ माझ्यासाठी.’

ताई, त्या क्षणी मला काय वाटलं असेल? इतका राग आला, की रडू तिथल्या तिथे थांबलं. कार्ड खाली आपटलं आणि म्हटलं, ‘मी काय म्हणाले ते ऐकलंत का?’

‘तू कधी बोललीस? तू तर वाचत होतीस.’

अगदी सरळ म्हणाले. डोळ्यांत कसलाही गोंधळ नाही. आणि मला दिसलं की ते माझ्या डोळ्यांकडे बघतच नाहीयेत. ते माझ्या ओठांकडे बघतायत.

माझं सगळं आयुष्य लोकांचा एकेक डोळा झाकण्यात गेलंय. एक झाकायचा आणि दुसऱ्याला काय दिसतं ते विचारायचं. कुणी अक्षरं पाठ करून आलं असेल, तर तेही मला कळतं. त्या क्षणी माझ्या हातांनी माझ्या आधीच काय करायचं ते ठरवलं. मी मेनूकार्ड पुन्हा तोंडासमोर धरलं, वरून फक्त डोळे बाहेर, आणि नेहमीच्या आवाजात म्हटलं, ‘तुमच्या मागच्या टेबलावरच्या साहेबांचा टाय सूपमध्ये बुडलाय.’

हे ढिम्म. माझ्याकडे बघतायत, वाट बघतायत.

कार्ड खाली घेतलं. तेच वाक्य, त्याच आवाजात. हे झटक्यात वळले, टाय बघितला आणि इतके खुदकन हसले की पियानोवाल्या बाईंनी मान वळवली.

मग मला चेवच चढला. कार्ड वर, कार्ड खाली. वर धरलं की माणूस भिंत. खाली घेतलं की माझ्या प्रत्येक वाक्याला चोख उत्तर. मी त्यांना आमच्या पहिल्या घराचा पत्ता विचारला, छापखान्यातल्या पहिल्या यंत्राचं नाव विचारलं, लग्नात माझ्या मामांनी काय घोळ घातला होता ते विचारलं. सगळं, सगळं, अगदी मी विसरलेलंसुद्धा सांगितलं. वेटरला बोलावून विचारलं की साहेबांनी मासा कसा काय मागवला. तो म्हणाला, ‘आज मासा खास आहे, आणू का, असं मी वाकून विचारलं, साहेब हो म्हणाले. अख्खा आणू का विचारलं, तेव्हाही हो म्हणाले.’ हे म्हणाले, ‘मला वाटलं, पाणी हवंय का विचारतोय.’

मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मी यांचे दोन्ही हात धरले, दिवा माझ्या चेहऱ्यापाशी ओढला आणि सावकाश म्हटलं, ‘तुम्हाला आईंसारखं काही झालेलं नाही. तुम्ही काही विसरत नाही. तुम्हाला ऐकू येत नाहीये.’

हे टेबलावर पुढे वाकले. ‘नुसतं तेवढंच?’ म्हणाले.

‘मला तरी तसंच दिसतंय.’

‘बहिरा झालोय मी?’ आणि चेहरा असा खुलला, ताई, की बघणाऱ्याला वाटावं, यांना बढती मिळाली.

दार म्हटलं की यांना ‘गार’ ऐकू येत होतं, म्हणून ते पाणी. कात्री म्हटलं की ‘रात्री’. एकेक गोष्ट आठवून आम्ही वेड्यासारखे हसत होतो. वेटरने काही न विचारता आमचं टेबल पियानोपासून लांब, दिव्याखालच्या कोपऱ्यात हलवलं. मासा मी खाल्ला. यांनी सूप आणि भाजलेले बटाटे, आणि दोनदा गोड.

पोट भरल्यावर मी धीर केला. दिव्याच्या उजेडात बसून विचारलं, ‘आईंची खोली आवरताना ताईंनी तुम्हाला काहीतरी विचारलं होतं. तुम्ही उत्तर का नाही दिलंत?’

‘कधी? काय विचारलं?’

मी तुमचा प्रश्न तुमच्याच शब्दांत सांगितला. मी आईचं सगळं नीट केलं ना रे?

चमचा त्यांच्या हातातच राहिला. ‘ती माझ्या मागे होती,’ म्हणाले. ‘कपाटापाशी. मी खुर्ची उचलत होतो. खाली टेम्पो हॉर्न देत होता.’ चमचा ताटलीत ठेवला. मग म्हणाले, ‘मला वाटलं, तीच माझ्यावर रागावली. सगळं तिनं केलं, मी आपला पाहुण्यासारखा जायचो, यायचो. रागावणारच, म्हणून मी गप्प राहिलो.’

मी विचारलं, ‘आणि ऐकू आलं असतं तर काय सांगितलं असतंत?’

यांनी जे म्हटलं ते मी शब्दही न बदलता लिहिते.

‘आईला स्वतःचं नाव आठवत नव्हतं. पण मी कधीही गेलो तरी तिची नखं कापलेली असायची. भांग सरळ असायचा. तेवढं कुणीतरी रोज बघत होतं. असं माझ्याच्याने झालं नसतं.’

परत येताना फिरत्या दारात आम्ही एकेक करून शिरलो. बाहेर गार वारा होता. यांनी विचारलं, मघाशी कार्डाच्या आड मी काय म्हणाले होते. मी सांगितलं नाही. आता गरज उरली नव्हती.

पत्र लांबलं. आज रविवार आहे म्हणून तुमच्यापर्यंत पोचायला एक दिवस उशीर होईल, याचाच राग येतोय.

तुमची भावजय


४ जानेवारी, रविवार

ताई,

माझ्या मागच्या पत्राला तुमचं उत्तर आलं नाही. पूर्वीची मी असते तर याचा अर्थ लावत बसले असते. ताईंना पटलं नाही, ताईंना वाटलं मी भावाची बाजू सावरतेय, ताई अजून रागावल्यात. या एका महिन्यात मला एवढं कळलंय की गप्प बसलेल्या माणसाच्या गप्प बसण्याचा आपण अर्थ लावू नये. आधी आपलं बोलणं पोचलं का ते बघावं. म्हणून हे पत्र मी टपालात टाकत नाही. ते कसं पोचणार ते शेवटी लिहिते.

आधी बातमी. गुरुवारची वेळ मी रद्द केली नाही. म्हटलं, घेतलीच आहे तर एकदाचा सोक्षमोक्ष लागू दे. मेंदूच्या डॉक्टरांनी समोर बसून यांना खूप काही विचारलं, आकडे उलटे म्हणायला लावले, चित्रं काढायला लावली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, ‘याबाबतीत काळजीचं कारण दिसत नाही. कान तपासून घ्या.’ मी तिथल्या बाकड्यावर बसले ती मला उठवेना. हे मला हाताला धरून बाहेर घेऊन आले. खरं तर मी यांना घेऊन गेले होते.

कानांच्या तपासणीला त्या काचेच्या खोलीत यांना बसवलं, कानांवर यंत्र लावलं आणि आवाज आला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मी काचेबाहेर. मला ते बारीक आवाज ऐकू येत नव्हते, पण तपासणाऱ्या बाईंच्या समोरचा दिवा लागायचा आणि यांचं बोट हलायचं नाही, हे मला दिसत होतं. मशीनच्या आवाजाने वर्षानुवर्षं झिजलेत कान, म्हणाल्या. गेलेलं परत येणार नाही, पण उरलेल्यावर चांगलं भागेल. दोन्ही कानांना छोटी यंत्रं लावली. छापखान्याच्या मालकांनाही यांनी स्वतःच जाऊन सांगितलं. मला वाटलं होतं, ते यांना गोदामात टाकतील. त्यांनी यांना मोठ्या हॉलमधून काढून वरच्या मजल्यावर, कामाची आखणी करणाऱ्यांत बसवलं आणि हॉलमधल्या बाकीच्यांचेही कान तपासायला पाठवले. त्यातले आणखी दोघं निघाले आमच्या गोटातले.

सगळं गोड गोड झालंय असं समजू नका. यांची चिडचिड वाढलीय. नळ केवढ्याने वाजतो, पेपरची पानं केवढ्याने वाजतात, मी चमचे केवढ्याने आपटते, दिवसभर तक्रारी. परवा यंत्रं काढून खिशात ठेवली आणि शर्ट धुवायला टाकला. शेवटच्या क्षणी माझ्या लक्षात आलं म्हणून बरं. माणसांच्या घोळक्यात अजून गोंधळतात. पण आता गोंधळले की सांगतात. ‘थांब, मला नाही कळलं, परत सांग.’ हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम ठेवते आणि परत सांगते.

आणि एक गंमत. परवा सकाळी मी ओट्याशी होते, हे मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘तू एकटीच बोलतेस?’ मी म्हटलं, ‘लग्न झाल्यापासून.’ ‘काय बोलतेस?’ ‘तुमच्याविषयीच,’ मी यांना म्हटलं, ‘दुसरा विषय काय आहे.’ तेव्हापासून मला माझ्याच स्वयंपाकघरात तोंड सांभाळून वागावं लागतंय.

आता तुमच्याबद्दल. तुमचा प्रश्न ऐकल्यापासून हे नीट झोपले नाहीत. पत्र लिहितो म्हणाले, दोन ओळी लिहिल्या आणि फाडल्या. फोन करतो म्हणाले, पण फोनवर यांना अजून धड कळत नाही, आणि या बाबतीत चुकीचं ऐकायची जोखीम यांना घ्यायची नाही. शेवटी म्हणाले, ‘मीच जातो.’ मी येऊ का विचारलं, तर नको म्हणाले. बहीणभावांचं आहे.

तेव्हा हे पत्र मी त्यांच्याच हाती देतेय. ते आधी पत्र तुमच्या हातात देतील आणि मग बोलतील, असं आमचं ठरलंय. सुरुवात कशी करायची ते त्यांना सुचत नव्हतं, म्हणून सुरुवात मी करून दिली आहे. बाकीचं त्यांनी गाडीत बसून जुळवलं असेल.

काही गोष्टी सांगून ठेवते. मोठ्याने बोलू नका, ओरडलं की शब्द आणखी फुटतात. पाठीमागून बोलू नका. एका वेळी एकच वाक्य. रडू आलं तर तोंडावर पदर घेऊ नका, रडता रडताच बोला.

ताई, एवढं वाचलंत ते पुरे. ते तुमच्यासमोर उभे आहेत. पत्र ठेवा, दारातला दिवा लावा, म्हणजे तुम्ही काय म्हणता ते त्यांना दिसेल.

तुमची भावजय